घरातलं पाणी मुरतं कुठे?

१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली गाडी लातूर स्थानकात पोचली. मांजरा धरण आटलं होतं, शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती आणि कृष्णेचं पाणी रुळांवरून सुमारे साडेतीनशे किलोमीटर आणायची वेळ आली होती. गाडीला दहा टँकर-डबे होते, प्रत्येकात अंदाजे पन्नास हजार लिटर पाणी, म्हणजे एकूण पाच लाख लिटर. आकडा ऐकायला केवढा मोठा! पण २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या वर होती. त्या गाडीतलं पाणी सगळ्यांना सारखं वाटलं असतं, तर माणशी सव्वा लिटरच्या किंचित वर आलं असतं. जुन्या पद्धतीच्या संडासाची टाकी एकदा ओढली की दहा लिटर जातात. त्या हिशेबानं सात-आठ लातूरकरांचा दिवसाचा वाटा एका झटक्यात गटारात गेला असता. पुढे पन्नास डब्यांची, पंचवीस लाख लिटरची गाडी धावू लागली, तेव्हाही माणशी वाटा साडेसहा लिटरच होता.

पाणी वाचवायच्या गप्पा आपण मारतो त्या बहुतेक भावनेच्या असतात. हिशेब क्वचितच कुणी मांडतं, आणि तो मांडला नाही की भलत्याच ठिकाणी काटकसर सुरू होते.

उदाहरणार्थ, हॉटेलात अर्धाच ग्लास पाणी द्यायचं. पाहुण्यांनी उष्टं टाकलेलं पाणी बघून हळहळायचं. मुलाच्या वॉटरबॅगेत उरलेलं चार घोट पाणी कुंडीत ओतायला लावायचं. यात वाईट काही नाही, संस्कार म्हणून तर चांगलंच आहे. पण मलनिस्सारणाची सोय असलेल्या शहरांसाठी आपल्याकडे माणशी रोज १३५ लिटर पाण्याचं मानक धरतात, त्याची नेहमी दिली जाणारी फोड बघा. अंघोळीला ५५ लिटर, संडासात ३०, कपडे धुवायला २०, भांड्यांना १०, घर पुसायला-धुवायला १०, स्वयंपाकाला ५ आणि प्यायला ५. म्हणजे ज्या पाण्याबद्दल आपण सर्वांत जास्त हळवे असतो, ते पिण्याचं पाणी एकूण वापराच्या चार टक्केसुद्धा भरत नाही. अंघोळ आणि संडास मिळून ८५ लिटर होतात. या दोन बंद दरवाजांच्या खोल्यांत काय चालतं, हे न बघता ग्लास मोजत बसणं म्हणजे स्वतःची समजूत काढणं आहे. (ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशननं धरलेला आकडा माणशी ५५ लिटर आहे. शहरातल्या माणसाच्या नुसत्या अंघोळीएवढा.)

तेव्हा सुरुवात मोजण्यापासून. साधन दहा लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ. घरातला प्रत्येक नळ पूर्ण सोडून बादली किती सेकंदांत भरते ते पाहायचं. पन्नास सेकंदांत भरली तर मिनिटाला बारा लिटर. उंच इमारतीत, गच्चीवरच्या टाकीचा दाब असलेल्या खालच्या मजल्यांवर, याहूनही जास्त धार मिळते. असा नळ सोडून दोन मिनिटं दात घासले की चोवीस लिटर गेले, आणि चूळ भरायला त्यातलं अर्धा लिटरही लागलेलं नसतं. जुन्या घरांत तांब्या-बादलीचा व्यवहार होता, त्यामुळे वापराला आपोआप माप होतं. आडावरून किंवा नदीवरून हंडे-कळशा वाहून आणणाऱ्या बाईला तर किती पाणी खर्च झालं हे वेगळं सांगावं लागत नसे, तिच्या मानेला ते कळायचं. नळ आला आणि आपण पाणी वेळात मोजू लागलो, तेही मोजलंच तर.

या धारेला आळा घालायचा सर्वांत स्वस्त उपाय बेसिनच्या खालीच बसवलेला असतो. भिंतीतून आलेल्या पाइपला जो छोटा अँगल कॉक असतो, तो थोडा फिरवून अर्धवट बंद करायचा. फुकटातलं काम, मिनिटभराचं. वरचा नळ कुणी कितीही सोडला तरी धार माफकच येते. हात धुणाऱ्याला आठवडाभरात फरकही जाणवेनासा होतो. याच्या पुढची पायरी म्हणजे एरेटर, नळाच्या तोंडाला बसवायची जाळी. ती पाण्यात हवा मिसळते, त्यामुळे धार भरीव वाटते, पण मिनिटाला बारा-पंधराऐवजी तीन ते सहा लिटरच पाणी जातं. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळूरमध्ये पाण्याची दाणादाण उडाली, तेव्हा तिथल्या पाणीपुरवठा मंडळानं व्यापारी आस्थापनांना मार्चअखेरपर्यंत एरेटर बसवणं सक्तीचं केलं होतं आणि पिण्याच्या पाण्यानं गाडी धुणाऱ्याला पाच हजार रुपयांचा दंड लावला होता. एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. बोअरच्या जड पाण्यानं ही जाळी क्षार साचून पांढरी पडते आणि धार तिरकी उडू लागते. मग लोक वैतागून ती काढून फेकतात. फेकू नका, रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. आणि बादली भरायच्या नळाला एरेटर बसवण्यात काही अर्थ नाही, बादली तेवढंच पाणी घेणार, फक्त तुमचा वेळ जाणार.

आता संडासाकडे वळू. घरातल्या पाण्याची खरी गळती इथे आहे आणि मराठी घरात यावर बोलायचा संकोच असल्यामुळे ती वर्षानुवर्षं चालू राहते. दहा लिटरची जुनी टाकी, चार माणसांचं कुटुंब, दिवसात प्रत्येकी पाच वेळा वापर असं धरलं तर रोजचे दोनशे लिटर नुसते लोटण्यात जातात. दोन बटणांच्या नव्या टाकीत मोठ्या बटणाला सहा आणि छोट्याला तीन लिटर पाणी सुटतं. पाचपैकी एकदा मोठं आणि चारदा छोटं दाबलं तर माणशी अठरा लिटर, घराचे बहात्तर. रोज १२८ लिटर वाचले, वर्षाला जवळपास सत्तेचाळीस हजार. दहा हजार लिटरचे साडेचार टँकर झाले हे. उरलेला सगळा लेख न वाचता एवढं एकच काम केलंत तरी मला चालेल.

पण बटणं दोन असून उपयोग नाही, ती कोणती कशाला हे घरातल्या पाहुण्यालासुद्धा ठाऊक हवं. बऱ्याच घरांत दोन्ही बटणं एकदम तळहातानं दाबायची पद्धत असते. टाकी बदलायची नसेल तर आतला फ्लोट खाली सरकवून पाण्याची पातळी कमी करता येते, किंवा लिटरभराची प्लॅस्टिकची बाटली पाणी भरून, बूच घट्ट लावून टाकीत उभी करता येते, म्हणजे दर वेळी लिटरभर पाणी कमी भरतं. वीट टाकायचा सल्ला मात्र मानू नका. विटेचा चुरा सुटतो, तो झडपेत अडकतो आणि टाकी कायमची गळू लागते. आणि पाणी इतकंही कमी करू नये की दोनदा ओढावं लागेल. भारतीय बैठकीच्या संडासात बादलीनं पाणी टाकणारी घरं या बाबतीत अजूनही सर्वांत काटकसरी आहेत, हे नवीन फ्लॅटच्या जाहिराती छापणारे सांगणार नाहीत.

टाकीची दुसरी खोड जास्त लबाड आहे. तिच्या तळाची रबरी झडप झिजली की पाणी भांड्याच्या मागच्या बाजूनं निःशब्द झिरपत राहतं. आवाज नाही, ओल नाही, फरशी कोरडी. टाकी मात्र आपोआप भरत राहते. मिनिटाला पेलाभर, म्हणजे दोनशे मिलिलिटर जरी झिरपलं तरी दिवसाला २८८ लिटर होतात, दोन माणसांच्या मानकापेक्षा जास्त. हे पकडायची युक्ती सोपी आहे. रात्री निजताना टाकीत थोडा खायचा रंग टाका, अर्धा तास कुणी टाकी ओढू नका. भांड्यातल्या पाण्यात रंग उतरला तर झडप गेली. ती बदलायला प्लंबरला फारसा वेळ लागत नाही.

टपकणाऱ्या नळाचं पाप मात्र थोडं वाढवून सांगितलं जातं असं माझं मत आहे. सेकंदाला एक थेंब म्हटलं तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात, पण थेंबाचा आकार नळागणिक वेगळा असतो, म्हणून या विषयावरच्या तक्त्यांत दिवसाला चार लिटरपासून वीस लिटरपर्यंत काहीही उत्तर सापडतं. आपल्या नळाचं उत्तर आपणच काढावं. खाली वाटी ठेवायची, तासाभरानं मोजायचं आणि चोवीसनं गुणायचं. तासाला दीडशे मिलिलिटर जमलं तर वर्षाला तेराशे लिटर. संडासाच्या टाकीपुढे ही रक्कम चिल्लर आहे. पण ही चिल्लर वाचवायला चार-आठ आण्यांच्या काळापासून एक रबरी वायसर पुरत आला आहे, म्हणून तिच्यात लाजिरवाणेपणा जास्त.

हा लाजिरवाणेपणा एका माणसानं मनावर घेतला. ‘धर्मयुग’मधल्या ढब्बूजीचे आणि इंद्रजाल कॉमिक्समधल्या बहादूरचे जनक, लेखक-चित्रकार आबिद सुरती. २००७ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, त्यांनी ‘ड्रॉप डेड’ नावाची संस्था काढली आणि दर रविवारी एक प्लंबर सोबत घेऊन मीरा रोडच्या इमारतींत घरोघर फिरू लागले. गळका नळ आहे का विचारायचं, असेल तर फुकटात दुरुस्त करून द्यायचा. लोकांना पाण्याची पर्वा नसते असं नाही, एवढ्याशा कामाला प्लंबर येत नाही ही खरी अडचण, हे त्यांनी ओळखलं होतं. ही अडचण आजही तशीच आहे. शिवाय आता बाजारात आलेल्या अर्ध्या फेऱ्याच्या नळांत वायसर नसतोच, आत सिरॅमिकची कार्ट्रिज असते. ती त्या-त्या कंपनीचीच लागते. नवा नळ घेताना त्याची कार्ट्रिज गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते का, एवढं विचारून घ्यावं.

गच्चीवरून वाहणाऱ्या टाकीबद्दल वेगळं लिहायला नको. पंप लावून माणूस चहाला गेला की काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे, आणि फ्लोट व्हॉल्व्ह किंवा पंप बंद करणारा सेन्सर कुठे मिळतो हेही.

अंघोळीचा विषय नाजूक. मिनिटाला दहा लिटरच्या शॉवरखाली सहा मिनिटं उभं राहिलं तर साठ लिटर, बादली-मगानं अठरा-वीस. शॉवर सोडा असं मी कुणाला सांगणार नाही, साबण लावताना तो बंद करा इतकंच. पण पुण्या-नाशकाच्या सोसायट्यांत अंघोळीच्या आधीच एक चोरी होते, तिच्याकडे लक्ष जात नाही. गच्चीवरच्या सोलरचं पाणी पाचव्या मजल्यावरून पहिल्यावर येईपर्यंत पाइपात साचलेलं गार पाणी आधी बाहेर येतं. पाऊण इंची पाइपात मीटरला साधारण तीनशे मिलिलिटर पाणी मावतं, वीस मीटरची उभी लाइन असेल तर सहा लिटर. घरातले चौघे वेगवेगळ्या वेळी अंघोळ करणार असतील तर चोवीस. हे पाणी स्वच्छ, पिण्याच्या टाकीतलंच असतं आणि आपण ते ‘गरम येऊ दे’ म्हणत मोरीत सोडतो. एक रिकामी बादली तिथे कायम ठेवावी, किंवा एकामागोमाग अंघोळी उरकाव्यात. घरात गाडीला लवकर पळणारे आणि उशिरा उठणारे दोन्ही प्रकारचे लोक असतील तर बादलीच बरी.

स्वयंपाकघरात भांडी घासताना वाहता नळ दहा मिनिटं चालला तर शंभर लिटर जातात, आणि तीच भांडी दोन टबांत, एकात घासून दुसऱ्यात विसळून, वीस लिटरांत होतात. इथे एक बोच आहे. ‘मावशी, नळ बारीक ठेवा’ हे वाक्य ज्या घरांत रोज ऐकू येतं, त्याच घरांत मालक पंधरा मिनिटं शॉवरखाली असतात. मावशींच्या वस्तीत पाणी सकाळी तासभर येतं आणि पाण्याची किंमत त्यांना आपल्याहून जास्त कळते. त्यांना उपदेश करण्यापेक्षा सिंकच्या नळाला एरेटर आणि हाताशी दोन मोठे टब देणं अधिक उपयोगाचं.

आणि सिंकशेजारच्या भिंतीवर टांगलेलं ते यंत्र. आरओ म्हणजे पाणी दाबानं एका अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलायचं, पलीकडे जवळजवळ क्षारविरहित पाणी मिळतं आणि अलीकडे उरलेलं, क्षार वाढलेलं पाणी नळीवाटे बाहेर टाकलं जातं. घरगुती जुन्या यंत्रांत एक लिटर प्यायच्या पाण्यामागे सुमारे तीन लिटर असं बाहेर जातं. दिवसाला पंधरा लिटर वापरणाऱ्या घराचे पंचेचाळीस लिटर सिंकच्या भोकात. बोअरचं किंवा टँकरचं खारट पाणी असेल तर हा खर्च पत्करावा लागतो. पण सह्याद्रीतल्या धरणांचं पाणी ज्या शहरांना मिळतं, तिथलं पाणी मुळातच मऊ आहे. समजा तुमच्या नळाला लिटरमागे दीडशे मिलिग्रॅम क्षार आहेत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे पाचशेपर्यंत चालतात. चार लिटर पाणी यंत्रात गेलं, एक लिटर ‘शुद्ध’ होऊन आलं, तर बाहेर टाकलेल्या तीन लिटरांत क्षार किती होतील? लिटरला दोनशेच्या आसपास. म्हणजे जे पाणी टाकाऊ म्हणून गटारात गेलं, ते क्षारांच्या बाबतीत पिण्याच्या मानकात आरामात बसतं! मग यंत्रानं गाळलं काय?

राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये नेमकं हेच बोट ठेवलं होतं. पाचशे मिलिग्रॅमच्या आत क्षार असतील तिथे आरओ यंत्रांवर बंदी घाला आणि जिथे ती लागतात तिथे किमान साठ टक्के पाणी पिण्याजोगं मिळालंच पाहिजे, पुढे हे प्रमाण पंचाहत्तर टक्क्यांवर न्या, असं लवादानं पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं. घराच्या पातळीवर हा निर्णय आपला आपण घेऊ शकतो. क्षार मोजायचा पेनासारखा छोटा मीटर काही शे रुपयांत मिळतो. नळाचं पाणी मोजा. आकडा दोनशेच्या आत असेल आणि धास्ती फक्त जंतूंची असेल, तर अतिनील किरणांचं यंत्र किंवा उकळणं पुरेसं आहे, त्यात थेंबही वाया जात नाही. आरओ ठेवणारच असाल तर बाहेर जाणारी नळी बादलीत सोडा. ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला उत्तम. झाडांना घालायचं तर आधी मोजून घ्या, खाऱ्या बोअरवरच्या आरओचं टाकाऊ पाणी तुळस मारू शकतं.

पाणी वाया घालवायची एक सवय मात्र शुद्ध आपली आहे आणि ती आळसातून आलेली नाही, टंचाईतून आली आहे. ती म्हणजे शिळं पाणी. ज्या गावांत पाणी एक दिवसाआड किंवा चार दिवसांनी येतं, तिथे नळाला पाणी आलं की आधी पिंप, ड्रम, हंडे, पातेली ओतून रिकामी केली जातात आणि मग ‘ताजं’ भरलं जातं. धरणात सहा महिने साठलेलं पाणी नळातून बाहेर आलं की ताजं होतं आणि घरातल्या झाकलेल्या पिंपात दोन दिवसांत शिळं! यामागे थोडं शास्त्र आहे हेही खरं. साठवलेल्या पाण्यातलं क्लोरीन उडून जातं. शिवाय डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला सात-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करा असं आरोग्य खातं सांगतं, ते पाळलंच पाहिजे. पण कोरडी करणं म्हणजे मोरीत ओतणं नव्हे. ज्या दिवशी पाणी येणार त्याच दिवशी कपडे भिजवायचे, फरशी पुसायची, संडास-न्हाणी घासायची, म्हणजे जुनं पाणी कामाला लागतं.

दुसरी गंमत अशी, की दिवसातून तासभर पाणी सोडलं की लोक कमी वापरतील हा सरकारी समजही फसवा आहे. पाणी पुन्हा कधी येईल याची खात्री नसली की माणूस गरजेहून जास्त भरतो, नळ उघडाच ठेवून वाट बघतो आणि पाणी आलेलं कळलं नाही तर ते वाहत राहतं. कऱ्हाडला खेटून असलेल्या मलकापूरनं २००९ च्या सुमारास याच्या उलट वाट धरली. चोवीस तास पाणी, घरटी मीटर आणि जितका वापर जास्त तितका पुढच्या टप्प्याला दर चढा. चोवीस तास पाणी मिळायला लागलं की साठवायची गरजच उरत नाही, शिळं पाणी हा प्रकार संपतो, आणि बिलावर आकडा छापून येऊ लागला की गळका नळ त्याच आठवड्यात दुरुस्त होतो. याउलट आपल्या बहुतेक शहरांत पाणीपट्टी वर्षाला ठरावीक रकमेची असते. वीज मीटरवर मोजून घेणारा माणूस पाण्याच्या बाबतीत जेवणावळीत बसल्यासारखा वागतो, त्यात त्याचा एकट्याचा दोष नाही.

वापरलेलं पाणी पुन्हा वापरणं ही काही नवी विद्या नव्हे. कोकणात मोरीचं पाणी पन्हळीनं परसात जायचं आणि त्यावर अळू, केळ, कर्दळ माजायची. अळूच्या फदफद्याचं मूळ सांडपाण्यात आहे हे जेवताना कुणी काढत नाही, इतकंच. अंगणाएवढी जागा असेल तर अंघोळीचं आणि कपड्यांच्या शेवटच्या विसळणीचं पाणी आजही असं वळवता येतं. भांड्यांचं तेलकट पाणी मात्र वेगळं ठेवावं, आणि असं पाणी साठवून ठेवू नये, दुसऱ्या दिवशी त्याला वास सुटतो. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघर शोषखड्डे करून सांडपाणी जमिनीत जिरवलं आणि उघडी गटारं व डास दोन्ही घालवले. फ्लॅटमध्ये हे जमत नाही. तिथे वॉशिंग मशीनच्या शेवटच्या फेरीची नळी बादलीत सोडणं एवढंच हातात असतं. वरून कपडे टाकायचं मशीन एका फेरीला साधारण शंभर लिटर पितं, समोरून टाकायचं त्याच्या निम्म्यावर भागवतं. निम्म्या कपड्यांत मशीन लावलं तर दोन्हींचा हिशेब बिघडतो.

छपरावरच्या पावसाचं गणित सोपं आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटरची गच्ची, सातशे मिलिमीटर पाऊस, वीस टक्के तूट धरली तरी छप्पन्न हजार लिटर, म्हणजे चौघांच्या घराला मानकाप्रमाणे शंभर दिवस पुरेल इतकं. अडचण साठवणीची. छप्पन्न हजार लिटरची टाकी कुणाच्या घरात मावत नाही आणि पाऊस येतो तेव्हा नळालाही पाणी असतं. म्हणून शहरात हे पाणी गाळून बोअरमध्ये सोडणं जास्त व्यवहाराचं, पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर काढून मगच. मात्र पालिकेचा परवाना मिळवण्यापुरती पाइपची जोडणी दाखवायची आणि पुढे गाळणी कधीच साफ करायची नाही, असंही सर्रास चालतं.

या सगळ्यावर एक आक्षेप हमखास येतो. देशात वापरल्या जाणाऱ्या पाण्यापैकी चार-पंचमांशाहून जास्त शेतीला जातं, महाराष्ट्रात सिंचनाचा सर्वांत मोठा घास ऊस घेतो, पालिकेच्या फुटक्या जलवाहिन्यांतून नद्या वाहतात, मग माझ्या संडासातल्या तीन लिटरांनी काय होणार? आक्षेप खोटा नाही. घरातल्या बचतीनं जायकवाडी भरणार नाही आणि भरेल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ऊस आणि गळक्या वाहिन्या यांवर वेगळं भांडायलाच हवं. पण शहराचं पाणी कुणाच्या तरी वाट्यातून येतं. खडकवासला साखळीतलं पाणी पुणं पितं आणि त्याच पाण्याच्या कालव्याकडे दौंड-इंदापूरची शेतं डोळे लावून असतात, दर वर्षी कालवा समितीच्या बैठकीत यावरून जुंपते. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात आहेत, त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि एप्रिल-मेमध्ये त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात. शिवाय घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं नियोजनात धरतात. आधी शुद्ध करायचं, मग पंपानं चढवायचं, मग मैला होऊन पुन्हा शुद्ध करायचं किंवा तसंच नदीत सोडायचं. न वापरलेल्या लिटराला यातलं काहीच लागत नाही.

एकट्या घरानं करायचं ते वर सांगितलं. पण फ्लॅटमध्ये राहत असाल तर खरी किल्ली सोसायटीच्या हातात आहे. टँकरचं बिल सगळ्यांत सारखं वाटलं जातं तोवर कुणीही टाकी बदलणार नाही. तेव्हा येत्या वार्षिक सभेत हा विषय ‘ऐनवेळचे विषय’ या खात्यात ढकलू देऊ नका. प्रत्येक घराच्या लाइनवर मीटर बसवायचा आणि पाण्याचा खर्च त्याप्रमाणे वाटायचा, असा लेखी ठराव आधीच द्या, आणि इमारतीच्या रंगाच्या चर्चेआधी तो मतदानाला घ्यायला लावा.